विश्वास नसताना झालेला करार

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टच्या स्टॉरमाँट भागातल्या एका साध्या सरकारी कचेरीत उत्तर आयर्लंडचा शांतता करार मान्य झाला. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मारली गेल्यावर हा दिवस उगवला होता. पण त्या दिवसाची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. करारातल्या दोन प्रमुख पक्षांचे नेते तोवर एकमेकांशी थेट बोललेलेच नव्हते. डेव्हिड ट्रिम्बल यांच्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाने शिन फेनच्या प्रतिनिधींशी संवाद ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. काही सांगायचं असलं तर ते चर्चेच्या अध्यक्षांना उद्देशून सांगितलं जाई, आणि पलीकडच्यांनी ते ऐकावं अशी सोय होती. ट्रिम्बल आणि शिन फेनचे जेरी अ‍ॅडम्स यांची समोरासमोर पहिली भेट झाली ती करारानंतर पाच महिन्यांनी. दुभंगलेल्या देशात सरकारने विरोधी गटांशी बोलायचं म्हटलं की ‘आधी विश्वासाचं वातावरण निर्माण करा, मग बोला’ असा सल्ला हमखास दिला जातो. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. उत्तर आयर्लंडचा अनुभव मात्र त्याच्या उलट आहे. तिथे विश्वास कधी नव्हताच. होते ते बोलणी चालवण्याचे नियम, आणि त्या नियमांनीच करार घडवला. जेव्हा जेव्हा सरकारने नियमांच्या जागी भरवशाच्या माणसांची निवड केली किंवा समोरच्याकडून आधी शरणागती मागितली, तेव्हा तेव्हा बोलणी मोडली.

हा झगडा आपल्याला वाटतो तितका अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, त्या मागणीचं नाव आयर्लंडच्या स्वराज्याच्या लढ्यातूनच आलेलं होतं. पुढे १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र होण्याच्या वाटेला लागला आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. त्या सहा परगण्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक प्रोटेस्टंट होते. त्यांना ब्रिटनशी जोडलेलं राहायचं होतं, म्हणून ते युनियनवादी. उरलेले कॅथलिक. त्यांना संयुक्त आयर्लंड हवा होता, म्हणून ते राष्ट्रवादी. पुढची पन्नास वर्षं स्टॉरमाँटच्या विधिमंडळात एकाच पक्षाची, युनियनवाद्यांची, सत्ता राहिली. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिका युनियनवाद्यांच्याच हाती राही. स्थानिक निवडणुकीत घर ज्याच्या नावावर त्याला आणि त्याच्या जोडीदारालाच मत होतं; आईबापांच्या घरात राहणारी सज्ञान मुलं आणि पोटभाडेकरू यांना ते नव्हतं. १९६८ मध्ये या अन्यायाविरुद्ध नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. मोर्च्यांवर लाठ्या चालल्या, १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत सैनिकांनी मोर्च्यावर गोळीबार करून तेरा जणांचा जागीच बळी घेतला. जखमींपैकी आणखी एक जण पुढे दगावला. आयरिश रिपब्लिकन आर्मीकडे, म्हणजे आयआरएकडे, तरुणांची रीघ लागली; शिन फेन ही तिचीच राजकीय शाखा. प्रोटेस्टंटांच्या बाजूनेही सशस्त्र टोळ्या होत्याच.

बोलणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न डिसेंबर १९७३ चा, इंग्लंडमधल्या सनिंगडेलचा. त्याची कल्पना चांगलीच होती: दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवायचं आणि डब्लिनशी संबंध ठेवण्यासाठी एक परिषद नेमायची. १९९८ च्या कराराचा सांगाडा जवळजवळ हाच होता. मग पहिला का मोडला आणि दुसरा का टिकला? सनिंगडेलला बोलावलेली माणसं समजूतदार होती: ब्रायन फॉकनर यांचे युनियनवादी, मवाळ राष्ट्रवादी पक्ष एसडीएलपी, आणि दोन्ही समाजांना जवळचा अलायन्स पक्ष. त्यांच्यात बऱ्यापैकी सलोखा होता. पण इयन पेस्ली यांच्यासारखे कडवे युनियनवादी पूर्ण सहभागी म्हणून टेबलावर नव्हते, सशस्त्र गटांशी संबंधित कोणीच नव्हतं, आणि जनतेला कौलही विचारलेला नव्हता. जानेवारी १९७४ मध्ये संयुक्त सरकार बसलं. फेब्रुवारीत ब्रिटिश संसदेची निवडणूक झाली, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या १२ जागांपैकी ११ जागा कराराच्या विरोधकांनी जिंकल्या. मे महिन्यात प्रोटेस्टंट कामगारांनी संप पुकारला. वीजपुरवठा त्यांच्या हाती असल्यामुळे घरंदारं आणि कारखाने ठप्प झाले, आणि दोन आठवड्यांत सरकार कोसळलं. ज्यांच्या अंगी करार मोडण्याची ताकद होती, त्यांच्यावर करार पाळण्याची कसलीच जबाबदारी टाकलेली नव्हती. सनिंगडेल मोडण्याचं मूळ मला इथे दिसतं.

हीच चूक १९८५ मध्ये वेगळ्या रूपात झाली. लंडन आणि डब्लिन या दोन सरकारांनी आपसात करार केला, पण युनियनवाद्यांना विचारात घेतलं नाही. लाखभर माणसं बेलफास्टच्या रस्त्यांवर उतरली. दुसऱ्या बाजूला सरकारने शिन फेनचा आवाज बंद करण्याचा प्रयत्न केला, तोही अक्षरशः. ऑक्टोबर १९८८ पासून सप्टेंबर १९९४ पर्यंत ब्रिटनमध्ये रेडिओ-टीव्हीवर या पक्षाच्या प्रवक्त्यांचा आवाज ऐकवण्यास बंदी होती. त्यावर वृत्तवाहिन्यांनी तोड काढली: पडद्यावर अ‍ॅडम्स यांचे ओठ हलताना दिसत आणि त्यांचे शब्द एखादा नट वाचून दाखवी. जनतेने शब्द ऐकायचे, पण माणसाचा आवाज ऐकायचा नाही, अशा बंदीतून कुणाचंच भलं झालं नाही. त्याच काळात डेरीतल्या एका व्यावसायिकामार्फत ब्रिटिश गुप्तचर आणि आयआरए यांच्यात गुप्त निरोप चालू होते. नोव्हेंबर १९९३ च्या आरंभी पंतप्रधान जॉन मेजर संसदेत म्हणाले होते की अ‍ॅडम्स आणि आयआरएशी बोलायला बसायचं या विचारानेच पोटात ढवळतं. महिना संपायच्या आत ‘ऑब्झर्व्हर’ने गुप्त संपर्काची बातमी छापली. मेजर यांना खोटारडं ठरवणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी होती. चोरून बोलणाऱ्या सरकारला आपल्या जनतेची तयारी करता येत नाही, आणि जनतेची तयारी नसली की उघडपणे बोलण्याची हिंमत होत नाही.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. त्यामागे एसडीएलपीचे नेते जॉन ह्यूम यांनी वर्षानुवर्षं अ‍ॅडम्स यांच्याशी केलेली चर्चा होती. या चर्चेपायी ह्यूम यांना स्वतःच्या मित्रांकडूनही अतोनात टीका सोसावी लागली. सहा आठवड्यांत प्रोटेस्टंट टोळ्यांनीही बंदुका खाली ठेवल्या. इथे सरकारकडे खरी संधी होती. लंडनने मात्र मार्च १९९५ मध्ये अट घातली की शिन फेनला चर्चेत यायचं असेल तर आयआरएने आधी काही शस्त्रं प्रत्यक्ष नष्ट करावीत. या अटीमागचा तर्क समजण्यासारखा आहे: टेबलाखाली पिस्तूल धरून बसलेल्याशी काय बोलायचं? पण बंडखोर संघटनेच्या लेखी शस्त्रं आधी देणं म्हणजे पराभव मान्य करणं. सरकार विश्वासाचा पुरावा मागत होतं आणि समोरच्याला त्यात शरणागती दिसत होती. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या समितीने जानेवारी १९९६ मध्ये मधला मार्ग सुचवला: शस्त्रत्याग चर्चेच्या आधी नको, चर्चेनंतर नको, चर्चेबरोबर व्हावा. तो स्वीकारायला लंडनने टाळाटाळ केली. ९ फेब्रुवारीला आयआरएने लंडनच्या गोदी भागात प्रचंड स्फोट घडवला. दोन माणसं गेली आणि शस्त्रसंधी संपली. स्फोटाचा दोष आयआरएचाच. तो कोणत्याही अटीने कमी होत नाही. पण सतरा महिने हाती असलेली शांतता बोलण्यात गुंतवता आली नाही, हा दोष सरकारचा.

यानंतर जे घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मिचेल यांच्या समितीने सहा तत्त्वं आखून दिली होती: फक्त लोकशाही आणि शांततेचे मार्ग, पूर्ण शस्त्रत्याग, त्याची पडताळणी, बळाचा वापर किंवा धमकी नाही, जो निर्णय होईल तो पटला नाही तरी शांततेनेच विरोध, शिक्षा म्हणून मारहाण किंवा खून नाहीत. ज्याला टेबलावर बसायचं त्याने ही तत्त्वं मान्य करायची, आणि मोडली तर बाहेर जायचं. म्हणजे अट राहिलीच, पण ती हार पत्करण्याची नव्हती, वागणुकीची होती. शिवाय टेबलावर कोणी बसायचं हे सरकारने ठरवलं नाही. ३० मे १९९६ रोजी त्यासाठी निवडणूक झाली आणि तिची पद्धत अशी होती की मतांच्या क्रमाने पहिल्या दहा पक्षांना जागा मिळतीलच. या सोयीमुळे अवघ्या काही आठवड्यांपूर्वी स्थापन झालेली महिलांची आघाडी, केवळ एक टक्का मतांवर, चर्चेत पोहोचली. करारात हिंसेच्या बळींचा आणि दोन्ही धर्मांच्या मुलांच्या एकत्र शिक्षणाचा विषय आला तो बराचसा तिच्या आग्रहामुळे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम होता ‘पुरेशी सहमती’ हा. निर्णयाला एकमत नको आणि साधं बहुमतही पुरेसं नाही. युनियनवादी मतांपैकी निम्म्याहून अधिक आणि राष्ट्रवादी मतांपैकी निम्म्याहून अधिक ज्या पक्षांना मिळाली, त्यांचा होकार हवा, आणि दोन्ही सरकारांचाही. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपवणाऱ्या वाटाघाटींतून आली होती. १९९७ मध्ये उत्तर आयर्लंडचे पक्ष तो अनुभव समजून घ्यायला तिकडे गेले, तेव्हाही युनियनवादी शिन फेनबरोबर एका खोलीत बसायला तयार नव्हते आणि नेल्सन मंडेलांना दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलावं लागलं. आता या नियमाचा हिशेब पाहा. जुलै १९९७ मध्ये आयआरएने पुन्हा शस्त्रसंधी केली आणि शिन फेनला दार उघडलं गेलं. त्याच्या निषेधार्थ पेस्ली यांचा डीयूपी आणि आणखी एक छोटा युनियनवादी पक्ष निघून गेले. १९९६ च्या निवडणुकीत या दोघांना मिळून सुमारे साडेबावीस टक्के मतं होती, ट्रिम्बल यांना चोवीस टक्के. सगळ्या युनियनवादी मतांची बेरीज बावन्न टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ट्रिम्बल एकटे निम्म्यावर पोहोचत नव्हते. ती कमी भरून काढली दोन लहान पक्षांच्या सहा टक्क्यांहून कमी मतांनी, आणि हे दोन पक्ष प्रोटेस्टंट सशस्त्र टोळ्यांशी जोडलेले होते. या मंडळींना सनिंगडेलप्रमाणे बाहेर ठेवलं असतं तर १९९८ चा करार गणितानेच अशक्य होता. जानेवारी १९९८ मध्ये या टोळ्यांच्या कैद्यांनी चर्चेचा पाठिंबा काढल्यावर ब्रिटनच्या मंत्री मो मोलम थेट मेझ तुरुंगात जाऊन त्यांना भेटल्या. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांना मंत्र्याने भेटावं याचा अनेकांना संताप आला. पण त्या भेटीनंतर कैद्यांनी पाठिंबा पुन्हा दिला. नियम एकाच बाजूला लागू नव्हते हेही तेव्हा दिसलं. हत्यांमुळे आधी एका प्रोटेस्टंट पक्षाला आणि मग शिन फेनला काही आठवड्यांसाठी चर्चेबाहेर जावं लागलं, आणि दोघेही परत आले.

शेवटचा आठवडा मुदतीच्या जोरावर निघाला. चर्चेचे अध्यक्ष असलेल्या मिचेल यांनी ९ एप्रिलची मध्यरात्र ही मर्यादा घातली होती. आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या आईचं त्याच आठवड्यात निधन झालं. ८ एप्रिलला ते पहाटे बेलफास्टला आले, दुपारी अंत्यविधीसाठी डब्लिनला गेले आणि संध्याकाळी परत चर्चेला आले. उत्तर-दक्षिण संस्थांबद्दलचा मसुदा युनियनवाद्यांना मान्य होणं शक्य नव्हतं, तो पुन्हा लिहायला अहर्न तयार झाले. ९ तारखेच्या रात्री पेस्ली निषेध करायला स्टॉरमाँटच्या आवारात आले, तेव्हा त्यांची हुर्यो उडवली ती कॅथलिकांनी नव्हे. एके काळी त्यांच्याच भाषणांवर पोसलेल्या, आता चर्चेत बसलेल्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी. टेबलावर बसल्याने माणसं प्रेमळ होत नाहीत, पण झालेल्या निर्णयाची मालकी त्यांच्याकडे येते, हे त्या रात्री दिसलं. २२ मे रोजी सार्वमत झालं. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी कराराला कौल दिला. १९७४ मध्ये न विचारलेला प्रश्न या वेळी थेट मतदारांना विचारला गेला.

यावर आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की नियमांचं कौतुक कशाला, ह्यूम, मिचेल, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर, मोलम यांच्यासारखी माणसं होती म्हणून जमलं. माणसं मोठी होती यात शंका नाही. पण जुलै १९७२ मध्ये लंडनच्या चेल्सी भागातल्या एका घरात ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ आयआरएच्या शिष्टमंडळाला भेटले होते, आणि त्यात अ‍ॅडम्स आणि पुढे शिन फेनचे मोठे नेते झालेले मार्टिन मॅकगिनेस दोघेही होते. आयआरएच्या बाजूची माणसं तीच, समोर ब्रिटिश सरकारच. चौकट मात्र नव्हती. भेटीतून काही निघालं नाही आणि दोन आठवड्यांत बेलफास्टमध्ये एका दुपारी वीसच्या आसपास बॉम्ब फुटले. दुसरा आक्षेप: दोन्ही बाजू थकल्या होत्या, म्हणून शांतता आली. थकवा होताच. पण तो १९७६ मध्येही होता. त्या वर्षी हजारो स्त्रिया शांततेसाठी रस्त्यावर उतरल्या आणि त्या चळवळीच्या दोन संस्थापक स्त्रियांना नोबेल पारितोषिक मिळालं. तरीही पुढे दोन दशकं रक्त सांडत राहिलं. लोकांची इच्छा वाहून नेणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: बंदूक उचलणाऱ्याला खुर्ची मिळाली आणि जन्मभर शांततेच्या मार्गाने चालणाऱ्याला काही नाही. करारानुसार दोन वर्षांत चारशेहून अधिक कैदी सुटले. ज्यांची माणसं गेली त्यांना मारेकरी बाजारात समोर दिसू लागले. या वेदनेला कोणताही युक्तिवाद पुरत नाही, आणि बळींच्या प्रश्नाला करारात मिळालेली जागा फार अपुरी होती असं माझं स्पष्ट मत आहे. राजकीय किंमतही मोठी होती. ह्यूम आणि ट्रिम्बल यांना १९९८ चं नोबेल मिळालं, पण २००३ पर्यंत डीयूपी आणि शिन फेन हेच आपापल्या समाजातले सर्वांत मोठे पक्ष झाले, आणि २००५ मध्ये ट्रिम्बल स्वतःची संसदेची जागाही हरले. तरी दुसरा पर्याय काय होता हे विचारायलाच हवं. आपल्याकडे वीस वर्षं बंड चालवणारे लालडेंगा १९८६ च्या करारानंतर मिझोरमचे मुख्यमंत्री झाले, तेव्हाही हाच आक्षेप होता. पण ते बंड तिथेच संपलं. बक्षीस हिंसेला मिळालं की हिंसा सोडण्याला, हे नियम ठरवतात. आयआरएचा शस्त्रत्याग सप्टेंबर २००५ मध्ये पूर्ण झाला. आंतरराष्ट्रीय आयोगाबरोबर एक प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक धर्मगुरू साक्षीला होते. लंडनने दहा वर्षांपूर्वी पहिली म्हणून मागितलेली गोष्ट शेवटी झाली, पण पूर्ण झाली. मार्च २००७ मध्ये पेस्ली आणि अ‍ॅडम्स पत्रकारांसमोर टेबलाच्या एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसले: शेजारी म्हटलं तर शेजारी, समोर म्हटलं तर समोर. मे महिन्यात पेस्ली आणि मॅकगिनेस एकाच सरकारचे समान अधिकारांचे प्रमुख झाले.

शेवटचा आक्षेप नियमांवरच आहे. विधिमंडळात प्रत्येक सदस्याला युनियनवादी, राष्ट्रवादी किंवा इतर अशी नोंद करावी लागते, आणि महत्त्वाच्या मतदानात पहिल्या दोघांचीच बहुमतं मोजली जातात. त्यामुळे दुही कायद्यातच पक्की झाली, आणि एक मोठा पक्ष रुसला की सरकार बंद पडतं. २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, २०२२ ते २०२४ असं ते बंद होतं. हा आक्षेप मला मान्य आहे. २०२२ च्या निवडणुकीत कोणत्याच गटात न बसणाऱ्या अलायन्स पक्षाने ९० पैकी १७ जागा जिंकल्या आणि तिसरा क्रमांक मिळवला. त्या मतदारांचं मत कमी वजनाचं का असावं, याला उत्तर नाही. पण शेवटच्या वेळी ते कशामुळे बंद पडलं तेही पाहावं. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचे नियम लंडन आणि ब्रसेल्सने ठरवले, आणि १९८५ प्रमाणेच युनियनवाद्यांची संमती घेतली नाही. एकतर्फी निर्णयाची तीच सवय पुन्हा दिसली: २०२३ मध्ये संघर्षकाळातल्या जुन्या खटल्यांवर पडदा टाकणारा कायदा लंडनने केला, त्याला उत्तर आयर्लंडच्या सर्व प्रमुख पक्षांनी विरोध केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळ पुन्हा भरलं, तेव्हा शिन फेनच्या मिशेल ओनील पहिल्यांदा फर्स्ट मिनिस्टर झाल्या आणि डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली त्यांच्या बरोबरीच्या अधिकाराने काम करू लागल्या. नोंदीचा तो नियम आता बदलायलाच हवा. पण तो लंडनने एकतर्फी बदलता कामा नये. तो याच पक्षांनी, अलायन्सला बरोबरीने बसवून, दोन्ही समाजांच्या संमतीनेच बदलला पाहिजे.